अर्थ नाही

शनिवारी फॅक्टरी दुपारी सुटायची, म्हणून शनिवार हलका, असं सूनबाईला लग्नानंतर बरीच वर्षं वाटत असे. आता शनिवार म्हणजे अप्पांच्या चादरी, अप्पांची नखं, आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरणं, आणि तीन वाजता येणारी बोलकीताई.

बोलकीताई हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. पक्षाघाताच्या झटक्याने अप्पांचा उजवा हात आणि वाचा एकदमच गेली, तेव्हा दवाखान्याने वाचा परत आणणारी ही मुलगी आठवड्यातून दोनदा घरी पाठवायला सुरुवात केली. चपला दारात, वही हातात, आणि तोंडाने अखंड. "काय अप्पा, आज काय म्हणताय? काही नाही? अहो, काहीतरी म्हणा, माझा पगार त्यावर आहे!"

अप्पा काही म्हणत नसत. म्हणजे, दोन शब्द म्हणत. सात आठवड्यांत घरात ऐकलेले तेवढे दोनच.

"अर्थ नाही."

पहिल्यांदा हे कानावर पडलं तेव्हा सूनबाई चादर खोचत होती, तिचा हात तसाच थांबला. आयुष्यभर सभागृहात माईक आणि स्पीकर सांभाळलेला माणूस. लोकांच्या भाषणांना, गाण्यांना, वादांना आवाज दिला, आणि स्वतःचा गेला. तो 'अर्थ नाही' म्हणाला तर त्याला काय उत्तर द्यायचं? सासूबाईंना मात्र सुचलं. रोज अध्यात्माच्या पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचायचा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम होता. त्यांनी खुर्ची अप्पांच्या पलंगाशी ओढली आणि एका पानाची दोन पानं केली.

"असं बोलू नये हो," त्या चष्मा पुसत म्हणायच्या. "देणाऱ्याने श्वास दिलाय तोवर त्याला अर्थ आहेच. ऐका."

अप्पा डोळे मिटून घेत.

खोलीत एक लांबट टेबल होतं आणि त्यावर अप्पांचा संसार मांडलेला. बोलकीताईचं म्हणणं, ओळखीच्या गाण्याबरोबर अडलेले शब्द सुटतात. म्हणून सूनबाईच्या नवऱ्याने परगावच्या कामावरून दोन दिवसांची रजा काढली, बैठकीतला, स्पीकरांना आवाज पुरवणारा काळा जडशीळ रिसीव्हर उचलून इथे आणला, त्याला तबकड्यांचा प्लेअर जोडला, घरातला जुना कॉम्प्युटर जोडला, आणि दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर ठेवले. तबकडीवर गाणी, कॉम्प्युटरवर बोलकीताईचे धडे. तांबड्या-पांढऱ्या पिना कुठून कुठे जातात ते त्याने मोबाईलवर बघून बघून केलं. वडील पलंगावर पडून त्याच्याकडे बघत होते आणि डाव्या हाताने हवेत काहीतरी सांगत होते.

"हो अप्पा, होतंय, होतंय," तो म्हणत राहिला. त्याला सहाची गाडी पकडायची होती.

सगळं वाजलं. फक्त प्लेअरच्या मागून एक बारीक हिरवी वायर लोंबत राहिली. पिन नाही, काही नाही, टोकाला नुसता दोन शिंगांचा पत्रा.

"ही कुठली?" सूनबाईने विचारलं.

"उरलीय. जादाची असेल."

दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना ती वायर फडक्यात अडकली. तिसऱ्या दिवशी चादरीत. सूनबाई कपड्यांच्या फॅक्टरीत चेकर होती. आठ तास पांढऱ्या दिव्याखाली उभं राहायचं, शर्ट उलटा करायचा, शिवण बघायची, सुटा धागा दिसला की कचकन कापायचा. धागे कापायचं चिमट्याएवढं कटर नाडीला बांधून गळ्यातच असायचं, घरी आल्यावरही काढायचं भान नसायचं. तिसऱ्या दिवशी तिने वायर हातात धरली आणि हाताने हाताचं काम केलं. कच्.

सासूबाई काहीही टाकू देत नसत. त्यांनी त्या हातभर हिरव्या तुकड्याने बोलकीताईच्या वहीला पेन बांधून टाकलं. "सारखं हरवतं मेलं. आता हरवून दाखव म्हणावं."

त्या वहीत अप्पांचं सगळं लिहायचं होतं. काय खाल्लं, कधी झोपले, काय बोलले. दिवसभर सासूबाई लिहीत, संध्याकाळी सूनबाई. फॅक्टरीतून आल्यावर टाचा विस्तवावर ठेवल्यासारख्या होत. ती पलंगाच्या कडेला बसायची, एक पाय दुसऱ्यावर दाबून धरायची आणि लिहायची. 'सात वाजता तबकडी लावली. "अर्थ नाही" म्हणाले. तोंड भिंतीकडे केलं.' 'कॉम्प्युटरवरचा धडा लावला. काही म्हणाले नाहीत.' 'तबकडी. "अर्थ नाही", तीनदा.' 'वही ओढून घेतली, पेनाला झटके दिले, फेकली.'

एकदा पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं तेव्हा त्यांनी उभी रेघ काढली. तिच्याखाली आडवी रेघ. तिच्याखाली आणखी एक, त्याहून आखूड. आणि एक, त्याहूनही आखूड. मग पेनाच्या टोकाने तिथेच टोचत राहिले, कागद फाटेपर्यंत.

बोलकीताईने ते पान पाहिलं आणि वही मिटली. मग दारात येऊन हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, रेघा बघितल्यात? लहान लहान होत चालल्यात. मनाने सोडून दिलं की असं होतं. आणि गाणं लावलं की जास्त. जुनं आठवत असेल."

त्या आठवड्यात एक गोळी वाढली. मग नवऱ्याचा फोन आला. शहराबाहेर एक संस्था आहे, तिथे अशा माणसांना ठेवतात, दिवसरात्र नर्स असते. नाव घालून ठेवलंय. बोलकीताईने लिहून दिलं की इथे प्रतिसाद नाही, तर सोमवारी गाडी येईल.

"आईला मी सांगतो," तो म्हणाला. "तू किती दिवस पुरणार अशी?"

सूनबाईने फोन दुसऱ्या कानाला धरला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात अप्पा नव्हतेच. होती ती मंगळवारची सकाळ, गाडी येऊन गेल्यानंतरची. पाचला उठायचं नाही, कुणाला कुशीवर वळवायचं नाही, चहाचा कप दोन्ही हातांत धरून खिडकीशी नुसतं उभं राहायचं. त्या कपाची तिला इतकी ओढ लागली की फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. हेच अप्पा रोज संध्याकाळी दारात विचारायचे, "काय चेकर, आज किती गळे कापले?" आणि ती म्हणायची, "सहाशे. तुमचाच राहिलाय." सासूबाई आतून ओरडायच्या, "काय अभद्र बोलता गं दोघं!"

तर हा तो शनिवार. तीन वाजता बोलकीताई आली. तिने रिसीव्हर चालू केला, अप्पांची आवडती तबकडी लावली आणि पलंगाशी बसून ओठ मोठे करून गाऊ लागली. अप्पांनी एक ओळ ऐकली. डावा हात उचलला.

"अर्थ नाही."

"आहे अप्पा, आहे. माझ्याबरोबर म्हणा बघू—"

"अर्थ नाही! अर्थ... अर्थ नाही!" कपाळाची शीर फुगली. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं ते केलंच.

बोलकीताईने सुई उचलून जागेवर ठेवली. पर्स उघडून संस्थेचा कागद काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत घडी केली. "मी पलीकडच्या गल्लीतले एक आजोबा करून येते. सहापर्यंत. मग लिहू." तिच्या चपलांचा आवाजही त्या दिवशी थकल्यासारखा जिन्यावरून उतरत गेला.

सासूबाई पुस्तक मिटून बसल्या होत्या. मुलाचा फोन त्यांनाही येऊन गेला होता. "हे सगळं काढून ठेव गं," त्या म्हणाल्या. "त्यांना नकोय तर डोळ्यांसमोर तरी कशाला? बावन्न वर्षं ह्या माणसाला मी एकही आवाज नको म्हणताना पाहिलं नव्हतं."

सूनबाई टेबल भिंतीपासून ओढून त्याच्यामागे गुडघ्यांवर बसली. बसल्यावर वाटलं, इथेच आडवं व्हावं. मागे वायरींचा गुंता आणि दीड महिन्याची धूळ. भिंतीवरच्या बोर्डात तीन प्लग होते, सगळे काळे. आधी रिसीव्हर बंद करावा म्हणून तिने एक उपटला.

तो रिसीव्हरचा नव्हता. हवेच्या गादीचा होता.

अप्पांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती गादी, आणि गादीत हवा भरणारा पलंगाखालचा पंप. सात आठवडे तो रात्रंदिवस घुंऽ करत होता. इतका की आता तो कुणाला ऐकूच येत नव्हता. तो थांबला तेव्हा खोली अचानक मोठी झाल्यासारखी वाटली.

पण आवाज थांबला नाही.

सूनबाईने मान वर केली. घुंऽ चालूच होतं. तसंच, त्याच सुरात, पण पलंगाखालून नाही. दोन कोपऱ्यांतून. तबकडी थांबलेली, सुई जागेवर, आणि दोन्ही स्पीकर मधमाशांच्या पोळ्यासारखे गुणगुणत होते. दिवसभर शिवणयंत्रांच्या खडखडाटात घासलेल्या तिच्या कानांनाही ते ऐकू आलं.

"अर्थ," अप्पा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. ओरडून नाही. खूप वेळ एकच निरोप देऊन कंटाळलेल्या माणसासारखे. "अर्थ नाही."

तिच्या नाकासमोर रिसीव्हरची पाठ होती. तांबडी-पांढरी भोकं, आणि त्यांच्या शेजारी एक छोटा रिकामा स्क्रू, त्याला काहीच बांधलेलं नाही. स्क्रूच्या खाली खूण छापलेली: एक उभी रेघ, तिच्याखाली आडवी, तिच्याखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड.

सूनबाईने त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग फॅक्टरीतला वायरमन आठवला. मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी कुणी तक्रार केली की तो येऊन काय म्हणायचा? "बाई, मशीनला अर्थच नाहीये." आणि सगळ्या पोरी हसायच्या. यंत्रातली भरकटलेली वीज जमिनीकडे नेणारी वायर. तिला ते लोक इंग्रजीतला 'अर्थ' म्हणतात. अप्पांनी आयुष्यभर तेच म्हटलं असणार. आणि ती वायर नसली की स्पीकर गुणगुणतात.

दीड महिना हा माणूस जगण्याबद्दल काही बोलतच नव्हता. तो वायरीबद्दल बोलत होता.

"आई," तिने टेबलामागून हात पुढे केला. "ती वही द्या."

"आता काय लिहितेस?"

"वही नको. पेन द्या. पेनाची वायर द्या."

सासूबाईंनी वही तिच्याकडे सरकवली, तसे अप्पा वळले. कसे वळले कोण जाणे, रोज दोघींना मिळून वळवावं लागायचं. त्यांची नजर त्या हिरव्या तुकड्यावर होती. सूनबाईने गाठ सोडवली, टोकाची दोन शिंगं बोटांत धरून त्यांना दाखवली. "हीच ना, अप्पा?"

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. गादीतली हवा चालली होती; ते हळूहळू खाली बसत होते, बुडणाऱ्या नावेतल्या नावाड्यासारखे, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

प्लेअरमागे वायरीचा तीन बोटं तुकडा शिल्लक होता. ती लगेच जोडायला गेली तर अप्पांनी घशातून असा काही आवाज काढला की तिचा हात मागे आला. डावा पंजा आडवा, जमिनीकडे दाबलेला. आधी बंद कर. तिने रिसीव्हर बंद केला. कटरने दोन्ही टोकांचं हिरवं साल सोललं. आतली तांब्याची केसं एकमेकांवर ठेवून मुरडली. पुन्हा तो आवाज. अप्पांनी अंगठा आणि बोट चोळून दाखवलं, उलट, उलट दिशेने. तिने उलगडून पुन्हा पीळ दिला. घट्ट. आणखी घट्ट. वर औषधाची चिकटपट्टी गुंडाळली. दोन शिंगं स्क्रूखाली सरकवली आणि नखाने पिळत स्क्रू बसवला.

"अहो पण काय चाललंय?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "मला कुणी काही सांगेल का?"

सूनबाईने रिसीव्हर चालू केला.

काही झालं नाही. म्हणजे खरोखर काहीच झालं नाही. स्पीकर गप्प. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक किंचाळत होतं, ते वर ऐकू आलं.

मग तिने सुई तबकडीवर ठेवली. गाणारीने श्वास घेतला, तो श्वाससुद्धा आला.

अप्पा ऐकत राहिले. पूर्ण कडवं. चेहऱ्यावर आनंदबिनंद काही नव्हता. सभागृहात कार्यक्रम सुरू झाल्यावर ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहत तेव्हा असायचा तसा चेहरा, तपासणाऱ्याचा. कडवं संपलं तसा त्यांनी हात पुढे केला. तिला वाटलं, हात धरायचाय. त्यांनी तिच्या गळ्यातली नाडी पकडली. कटर वर उचलून बघितलं, मग टेबलामागच्या त्या सांध्याकडे, आणि मग तिच्याकडे. ओठ वेडेवाकडे झाले. शब्द जड पोत्यासारखा आतून ओढत आणावा लागला.

"चे... क... चेकर!"

सूनबाई खाली फरशीवर बसली.

"काय म्हणाले? काय म्हणाले गं?"

"मला शिवी दिली, आई." ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "वायर मीच कापली होती."

मग सासूबाईंना सगळं समजावून सांगावं लागलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांनी 'अर्थ' ऐकल्यावर नेहमीसारखी मान डोलावली. दुसऱ्यांदा समजलं तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या. अप्पांकडे बघितलं, मग मांडीवरच्या पुस्तकाकडे.

"म्हणजे मी दीड महिना वायरीला प्रवचन देत होते?"

अप्पांच्या छातीतून एक खरखर आली. ते हसणं होतं.

"हसा," सासूबाई म्हणाल्या. "हसा. आधी सांगता येत नव्हतं का?" आणि बोलल्यावर काय बोललो ते कळून त्यांनी पदर तोंडाला लावला.

सहाला बोलकीताई आली. कागद पर्समधून काढून हातातच घेऊन आली होती. सूनबाईने तिला टेबलामागे नेऊन स्क्रूखालची खूण दाखवली, मग वहीतलं फाटलेलं पान. ती ओणवी होऊन बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ ती गप्प राहू शकते हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मी गोळी वाढवायला लावली," ती शेवटी म्हणाली. "ह्या रेघांवरून. अप्पा, मी तुमची माफी—"

अप्पांनी हात झटकला आणि प्लेअरकडे बोट केलं. बोलणं पुरे.

तबकडी पुन्हा लागली. फार काही घडलं नाही, सांगण्यासारखं म्हणावं तर फक्त एवढं: बोलकीताई ओळ म्हणत गेली आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द आला की अप्पांचे ओठ तिथे जाऊन पोचत. चारदा नुसती हवा आली. पाचव्यांदा शब्दाचा अर्धा तुकडा. तिने वहीत 'नवे शब्द: एक' असं लिहिलं, थांबली, आणि 'दीड' केलं. संस्थेचा कागद तिने घडी करून वहीच्या पाठीमागे सारला. "मंगळवारी चारला येते. गोळीचं डॉक्टरांशी मी बोलते."

ती गेल्यावर सूनबाईने नवऱ्याला फोन लावला. तिने सांगितलेलं सगळं त्याने ऐकून घेतलं. हिरव्या वायरीचं आलं तेव्हा म्हणाला, "जादाची मीच म्हटलं होतं." मग, "गाडी नको म्हणून सांगू?"

"नको सांगा."

"झेपेल का तुला?"

तिने खिडकीकडे पाहिलं. तो कप, ती मंगळवारची सकाळ, सगळं तिथेच उभं होतं, तिला अजूनही हवंहवंसं.

"नाही झेपत," ती म्हणाली. "पण गाडी नको सांगा. आणि महिन्यातून चार दिवस तुम्ही येऊन करा. ते मात्र आता ठरवून सांगा, 'होईल तेव्हा बघू' नको."

"येतो," तो म्हणाला. तारीखही सांगितली. तिने ती वहीत लिहून ठेवली, नवीन दोऱ्याने बांधलेल्या पेनाने.

खोलीत आली तर अप्पा जवळजवळ पलंगाच्या फळीला टेकलेले. तिने जीभ चावली आणि पंपाचा प्लग बोर्डात लावला. घुंऽ सुरू झालं, गादी फुगू लागली, अप्पा इंचाइंचाने वर येऊ लागले. ती पलंगाच्या पायाशी खाली बसली, पाठ टेकवली, टाचा थंड फरशीवर दाबून धरल्या. सासूबाई पुस्तक उघडून आजचं राहिलेलं पान वाचू लागल्या, पण आज मनातल्या मनात. तबकडी चालू होती.

"चे...कर."

तिने डोळे उघडले नाहीत. "काय आता?"

पलंगाच्या दांडीवर बोट वाजलं. तिने एक डोळा उघडून पाहिलं. अप्पा डाव्या कोपऱ्यातल्या स्पीकरकडे बघत होते, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. डाव्याचा आवाज म्हणे कमी येत होता. तिला काही फरक वाटला नाही, पण आता त्यांच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता.

"उद्या, अप्पा," ती म्हणाली. "आज पाय गेलेत माझे. उद्या बघू."

अप्पांनी थोडा विचार केला. मग डाव्या हाताचं बोट उभं केलं. एक दिवसाची मुदत.